केसांच्या समस्थानिक परीक्षणावरून व्यक्ती कुठून आली हे कितपत सांगता येते?

उलटतपासणी (प्रश्न)

मी फौजदारी खटले चालवते. विज्ञानाशी माझा संबंध शाळेनंतर तुटला, तो आता एका अहवालाच्या निमित्ताने पुन्हा जुळवावा लागत आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने स्थळ आणि व्यक्ती यांविषयी मी काही लिहिणार नाही, आणि आकडेही थोडे बदलून देत आहे.

एका अनोळखी मृतदेहाच्या डोक्यावरील केसांची बारा सेंटिमीटर लांबीची बट प्रयोगशाळेकडे पाठवण्यात आली होती. तिचे एकेक सेंटिमीटरचे बारा तुकडे करून प्रत्येक तुकड्यातील हायड्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजण्यात आले. एका टोकाकडील आठ तुकड्यांची मूल्ये उणे ९८ च्या आसपास आहेत, दुसऱ्या टोकाकडील तीन तुकड्यांची उणे ७२ च्या आसपास, आणि त्यांच्या मधल्या एका तुकड्यात संक्रमण दिसते. यावरून अहवालाचा निष्कर्ष असा की, मृत व्यक्ती मृत्यूपूर्वी तीन-चार महिन्यांपर्यंत अंतर्भागातील थंड व उंच प्रदेशात राहत होती आणि त्यानंतर किनाऱ्याजवळच्या सखल प्रदेशात आली. फिर्यादी पक्षाची जवळजवळ सगळी मांडणी या एका वाक्यावर उभी आहे. मृतदेह या दोन प्रकारच्या प्रदेशांच्या सीमेवरच सापडला असल्यामुळे सापडलेल्या ठिकाणावरून काही ठरत नाही.

उणे ९८ म्हणजे नेमके कशापेक्षा कमी, आणि केसाला पाण्याचा पत्ता कसा कळतो, हे मला आधी समजून घ्यायचे आहे. त्याच प्रयोगशाळेच्या पत्रावर भूजल, मधातील भेसळ, जीवाश्म आणि रुग्णांची श्वास-चाचणी अशा एरवी एकत्र न येणाऱ्या सेवांची नावे आहेत. एकच पद्धत इतक्या ठिकाणी चालते हे तिच्या विश्वासार्हतेचे लक्षण मानावे की शंकेचे? आणि शेवटी, असा निष्कर्ष न्यायालयात किती वजनाचा धरावा?

---

खडकवाचक

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देतो. केस हा माझा विषय नाही, पाणी आणि खडक आहेत.

एकाच मूलद्रव्याच्या ज्या अणूंमध्ये प्रोटॉन सारखे पण न्यूट्रॉन कमी-अधिक असतात, त्यांना समस्थानिक म्हणतात. रासायनिक वागणूक जवळजवळ तीच, वजन वेगळे. या 'जवळजवळ' मध्येच आमचा सगळा व्यवसाय आहे. हायड्रोजनचा जड समस्थानिक म्हणजे ड्यूटेरियम; साध्या हायड्रोजनपेक्षा तो दुप्पट जड असतो, म्हणून ड्यूटेरियम असलेला पाण्याचा रेणू वाफ होताना थोडा मागे रेंगाळतो आणि वाफेचे पाणी होताना थोडा पुढे धावतो. समुद्रावरून निघालेली वाफ त्यामुळे समुद्रापेक्षा हलकी असते. तो ढग जमिनीवर आत सरकत जातो, वाटेत पाऊस पाडतो, आणि प्रत्येक सरीबरोबर जड रेणू आधी गमावत जातो. किनाऱ्यापासून दूर, डोंगरावर आणि ध्रुवांच्या दिशेने पडणारा पाऊस म्हणूनच अधिकाधिक हलका होत जातो. १९६१ साली हार्मन क्रेग यांनी जगभरच्या नद्या, तळी, पाऊस आणि हिम यांच्या सुमारे ४०० नमुन्यांवरून दाखवले की, पाण्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची मूल्ये आलेखावर एका सरळ रेषेत बसतात: हायड्रोजनचे मूल्य ऑक्सिजनच्या आठपट, अधिक दहा. रेषेच्या खाली सरकलेले पाणी दिसले की ते तळ्यात किंवा जलाशयात उघडे पडून आटत राहिले असावे, असे आम्ही प्रथम समजतो.

आता 'उणे' विषयी. हे मूल्य दर हजारी मोजलेला फरक आहे, आणि तो फरक महासागराच्या पाण्यावर आधारलेल्या एका आंतरराष्ट्रीय मानकापासून मोजतात. या मानकात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे सुमारे १५६ ड्यूटेरियम असतात. उणे ९८ म्हणजे मानकापेक्षा दर हजारी ९८ ने कमी, म्हणजे दहा लाखांत साधारण १४०.५; उणे ७२ म्हणजे साधारण १४४.५. आपल्या खटल्यातील थंड प्रदेश आणि किनारा यांच्यातील अंतर हे दहा लाखांमागे चार अणूंचे आहे. हे वाचून घाबरून जाऊ नये, कारण चांगले मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू-रेणू वजनानुसार वेगळे करून मोजणारे यंत्र, याहून बरेच बारीक फरक विश्वासाने मोजते. मोजमाप सहसा चुकत नाही. चुकतो तो अर्थ लावण्याचा टप्पा, आणि त्यासाठी आमच्याच घरातली एक गोष्ट सांगतो.

हॅरल्ड युरी यांनी १९३१ मध्ये ड्यूटेरियम शोधले, १९३४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि पुढे त्यांनी असे दाखवून दिले की समुद्री जीवांच्या कवचातील ऑक्सिजन-१८ चे (ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचे) प्रमाण पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते, म्हणून जुने कवच हा जुना तापमापक ठरतो. हीच कल्पना घेऊन सेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये समुद्रतळाच्या गाळातील फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचे मोजली आणि हिमयुगांतील समुद्राच्या तापमानाचा चढउतार मांडला. आकडे उत्तम होते. परंतु हिमयुगात हलके पाणी हिमचादरींत अडकून पडते आणि उरलेला समुद्रच जड होतो, म्हणजे तापमान न बदलताही कवचातले मूल्य बदलते. निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या फोरामिनिफेरांची कवचे तपासली. तळाचे पाणी आधीच गोठणबिंदूच्या जवळपास असते, ते आणखी फारसे थंड होऊच शकत नाही. तरीही तेथे जवळजवळ तेवढाच चढउतार दिसला. अर्थात त्यातला मोठा वाटा तापमानाचा नव्हता, बर्फाच्या साठ्याचा होता. मोजमापाचा एकही आकडा खोटा न ठरता निष्कर्ष बदलला.

आपण तज्ज्ञांना विचारावयाचा प्रश्न याच जातीचा आहे: हाच आकडा दुसऱ्या कोणत्या कारणाने येऊ शकतो, आणि ते कारण आपण कशाच्या आधारे बाजूला सारले?

जाता जाता, आकड्यावर विश्वास का ठेवावा याचेही एक उदाहरण. निसर्गातील युरेनियममध्ये युरेनियम-२३५ चे प्रमाण सर्वत्र ०.७२० टक्के असते. १९७२ मध्ये फ्रान्समधील एका कारखान्यात गॅबनमधील ओक्लो येथून आलेल्या धातुकात ते ०.७१७ टक्के भरले. तिसऱ्या दशांश स्थानावरच्या या तुटीचा पाठपुरावा केल्यावर असे निष्पन्न झाले की, सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तेथे जमिनीखाली आपोआप अणुभट्टी पेटली होती आणि हरवलेले युरेनियम तिनेच जाळले होते.

---

सूक्ष्मतुला

मी अशाच एका प्रयोगशाळेत नमुने तयार करण्याचे काम अनेक वर्षे केले आहे, म्हणून केस आमच्या हातात आल्यावर काय होते ते आधी सांगते. उलटतपासणीचे बरेचसे मुद्दे तेथेच सापडतात.

केस प्रथम क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाने धुतात, कारण त्यावरचे तेल आणि प्रसाधने यांतही हायड्रोजन असतो. मग ते वाळवून बारीक करतात आणि एका मिलिग्रॅमच्याही अंशाइतके वजन चांदीच्या इवल्याशा डबीत घालून डबी चिमट्याने दुमडतात. सुमारे १४०० अंश सेल्सियसला त्या डबीतील केस जळत नाही, तर ऑक्सिजनविना नुसत्या उष्णतेने त्याचे विघटन होते. त्यातून निघालेले हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातात. कार्बन आणि नायट्रोजन मोजायचे असतील तर डबी कथिलाची असते आणि ती ऑक्सिजनमध्ये खरोखर जाळतात.

येथे एक खाचखळगा आहे. केसातील हायड्रोजनचा सुमारे दहावा हिस्सा हवेतील बाष्पाशी सतत अदलाबदल करत असतो. म्हणजे केस जेथे ठेवला त्या खोलीची हवाही आकड्यात उतरते. यावर उपाय असा की, ज्यांची मूल्ये पक्की ठाऊक आहेत असे केराटिनचे (केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याचे) मानक नमुने तपासावयाच्या केसांबरोबर एकाच खोलीत, एकाच ताटलीत, अनेक दिवस उघडे ठेवायचे आणि एकाच फेरीत मोजायचे. मानक केराटिनऐवजी पाण्याचे किंवा तेलाचे मानक वापरले असेल, तर त्या उणे ९८ ला मी सही करणार नाही. अहवालात कोणती मानके वापरली, ती फेरीत किती वेळा मोजली आणि अनिश्चितता किती धरली, हे लिहिलेले असलेच पाहिजे.

आता केस पत्ता कसा सांगतो ते. केसातील हायड्रोजनचा साधारण पाव आणि ऑक्सिजनचा साधारण तिसरा हिस्सा पिण्याच्या पाण्यातून येतो. उरलेला मुख्यतः अन्नातून. २००८ मध्ये युटा विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील अनेक शहरांच्या केशकर्तनालयांतून केस आणि तेथलेच नळाचे पाणी गोळा केले. केसांच्या मूल्यांतील ८५ टक्क्यांहून अधिक फरक नळाच्या पाण्यावरून समजावता येतो, असे त्यांनी दाखवले. ही जुळणी चांगली आहे, पण ती पुरेसे एकसारखे खाणाऱ्या समाजात आढळलेली आहे हे विसरू नये. दूरच्या देशातून आयात केलेल्या अन्नावर राहणारा माणूस आणि आपल्या शेतातले खाणारा माणूस एकाच नळाचे पाणी पिऊनही सारखे केस उगवणार नाहीत.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, हे मान्य. परंतु 'साधारण' हा शब्द तेथे भरपूर काम करतो. डोक्यावरच्या केसांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास केस कोणत्याही क्षणी वाढ थांबवून विश्रांतीत असतात, त्यामुळे बटेतील सर्व केसांच्या तारखा एकमेकांशी जुळत नाहीत आणि संक्रमण पसरट दिसते. शिवाय शरीरातील पाण्याचा निम्मा भाग बदलायलाच आठ-दहा दिवस लागतात. 'सुमारे चार महिने' हे वाक्य म्हणून चालेल, पण कोणी त्यावरून आठवडा किंवा तारीख काढत असेल तर ते थांबवावे.

माझा आग्रह असा राहील की, दात उपलब्ध असल्यास स्ट्रॉन्शियमही मोजून घ्यावे. खडकातील रुबिडियम-८७ अतिशय संथपणे स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलतो, म्हणून जुन्या ग्रॅनाइटच्या प्रदेशात स्ट्रॉन्शियम-८७ व ८६ यांचे गुणोत्तर ०.७२० च्याही वर जाते, तरुण बेसाल्टवर ते ०.७०४ च्या आसपास राहते आणि समुद्राच्या पाण्यात ०.७०९२ असते. मातीतून पिकात आणि पिकातून दातात जाताना ते गुणोत्तर जवळजवळ तसेच टिकते, आणि दाताचे इनॅमल एकदा बनले की पुन्हा बदलत नाही. पहिली दाढ बालपणाची पहिली तीन वर्षे सांगते, अक्कलदाढ किशोरवयाची सुरुवात. १९९१ मध्ये आल्प्समध्ये सापडलेल्या सुमारे ५२०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाविषयी २००३ मध्ये असेच दात, हाडे आणि आतड्यातील कण तपासून त्याचे सारे आयुष्य सापडलेल्या जागेपासून सुमारे ६० किलोमीटरच्या आतच गेले असावे, असे ठरवता आले. पाणी ढोबळ पट्टा सांगते, खडक त्या पट्ट्यातला तुकडा निवडायला मदत करतो. दोन्ही जुळले तर बोलावे.

जन्मवर्ष हवे असेल तर इनॅमलमधील कार्बन-१४ आहे. अणुचाचण्यांमुळे वातावरणातील त्याचे प्रमाण १९६० च्या दशकात जवळजवळ दुप्पट झाले आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते उतरत गेले. त्या उतरंडीवर दाताचे मूल्य ठेवले की जन्मवर्ष सरासरी दीड वर्षाच्या फरकाने सांगता येते, असे २००५ मध्ये दाखवण्यात आले. आपल्या प्रकरणात याची गरज दिसत नाही.

---

शंकासुर

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु मूळ प्रश्नाला बगल दिल्यासारखे वाटते. जगाच्या नकाशावर उणे ९८ ला जुळणारे केस उगवतील अशी किती ठिकाणे आहेत? एका खंडावर असा एकच पट्टा असेल, तर सगळ्या पृथ्वीवर तसे डझनभर असतील. मग ती व्यक्ती 'तेथून आली' हे कसे म्हणायचे? लंडनमध्ये सप्टेंबर २००१ मध्ये थेम्स नदीत एका लहान मुलाचे धड सापडले. हाडांतील स्ट्रॉन्शियम आणि इतर मूलद्रव्यांवरून शास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतील, मुख्यतः नायजेरियातील भूभागाकडे बोट दाखवले, तपास अधिकारी तेथपर्यंत गेले, आणि तरीही त्या मुलाची निर्विवाद ओळख पटलेली नाही. इतके करून हाती प्रदेशच येणार असेल, तर या पद्धतीला पुरावा म्हणावे का?

---

सूक्ष्मतुला

शंकासुर यांची शंका रास्त आहे, फक्त तिची दिशा मला थोडी बदलावीशी वाटते. ही पद्धत होकारापेक्षा नकार अधिक बळकटपणे देते. उणे ९८ हे मूल्य आले की ती व्यक्ती कोठे राहत होती याची यादी लांब राहते, पण कोठे राहत नव्हती याची यादी तत्काळ भरते. तपास यंत्रणेला ते अतिशय उपयोगी आहे, कारण तिला हरवलेल्या हजारो व्यक्तींमधून शोध कोठे सुरू करायचा आणि कोणत्या नोंदी बाजूला ठेवायच्या हे ठरवायचे असते. २००० मध्ये अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकजवळ सापडलेल्या एका स्त्रीच्या अवशेषांबाबत केसांच्या तुकड्यांवरून तिचे शेवटच्या काळातील स्थलांतर मांडले गेले आणि शोधाचे क्षेत्र आकसले. ओळख मात्र २०१२ मध्ये पटली, आणि तिचे नाव केसांनी सांगितले नव्हते.

थेम्समधील मुलाच्या बाबतीतही समस्थानिकांनी आपले काम केले होते: तो लंडनमध्ये वाढलेला नाही. ओळख पटवणे हे त्यांचे कामच नव्हे. न्यायालयात अडचण होते ती तपासातला संकेत जसाच्या तसा उचलून पुराव्याच्या जागी ठेवला की. 'या प्रदेशाशी सुसंगत' असे लिहिले असेल तर ते विज्ञान आहे. 'या प्रदेशातून आली' असे लिहिले असेल तर ते लिहिणाऱ्याचे मत आहे.

---

रक्तचंदन

मी चिकित्सक आहे आणि समस्थानिकांचा वापर रोज करतो, पण आमच्याकडे गोष्ट उलट्या बाजूने चालते. तो फरक आपल्याला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे का हे पाहण्यासाठी आम्ही रुग्णाला कार्बन-१३ ने चिन्हांकित केलेला युरिया पाजतो. हा जिवाणू युरिएज नावाच्या विकराने युरिया फोडतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड रक्तातून फुप्फुसात येतो, आणि अर्ध्या तासाने घेतलेल्या श्वासात कार्बन-१३ वाढलेला दिसतो. कार्बन-१३ किरणोत्सारी नसल्याने ही चाचणी लहान मुलांवरही करता येते. दुसरे उदाहरण दुहेरी चिन्हांकित पाण्याचे. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ असलेले थोडे पाणी प्यायला देतात. ड्यूटेरियम शरीरातून पाण्याच्याच वाटेने जातो, ऑक्सिजन-१८ पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अशा दोन वाटांनी. पुढील एक-दोन आठवडे लघवीचे नमुने घेऊन दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक काढला की शरीराने किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला, म्हणजे किती ऊर्जा खर्च केली, हे कळते, आणि त्यासाठी माणसाला खोलीत कोंडून ठेवावे लागत नाही. नेथन लिफसन यांनी १९५० च्या दशकात हे उंदरांवर केले. माणसांवर ते १९८२ मध्ये झाले.

या दोन्ही ठिकाणी किती दिले, केव्हा दिले आणि आधीचे मूल्य काय होते हे आम्हाला ठाऊक असते. रुग्ण स्वतःच स्वतःचे मानक असतो. तरीही फसगत होते: आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आधी बंद केल्या नसतील तर जिवाणू असूनही श्वास कोरा येऊ शकतो. न्यायवैद्यक तपासणीत तर व्यक्तीने काय घेतले, किती घेतले आणि तिचे मूळचे मूल्य काय होते, यांपैकी काहीच ठाऊक नसते. म्हणून श्वास-चाचणी विश्वासार्ह आहे यावरून केसांचा निष्कर्षही तितकाच विश्वासार्ह ठरत नाही, यंत्र तेच असले तरी. एकच पद्धत इतक्या ठिकाणी चालते याविषयीच्या उलटतपासणी यांच्या प्रश्नाचे हे माझे उत्तर समजावे. मधातील भेसळीचेही तसेच आहे. ऊस आणि मका ज्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात तीत कार्बन-१३ अधिक उरतो, त्यांचे मूल्य उणे १२ च्या आसपास असते. मधमाशा ज्या फुलांवर जातात त्यांतील बहुतेक वनस्पतींचे उणे २७ च्या जवळ. त्यामुळे उसाची साखर मधात लगेच उघडी पडते, पण बीटाची साखर त्याच परीक्षेतून सहज निसटते, कारण बीट फुलझाडांच्याच गटातले आहे. प्रश्न नेमका असला तरच पद्धत नेमकी असते.

आता आजाराविषयी. केसातील नायट्रोजनचे मूल्य वाढले की मांसाहार वाढला असे सर्रास लिहिले जाते. उपासमारीत शरीर स्वतःचेच स्नायू खाऊ लागते आणि तेव्हाही नायट्रोजनचे मूल्य वर चढते. म्हणजे तोच आलेख एकाच्या दृष्टीने मेजवानी आणि दुसऱ्याच्या दृष्टीने उपासमार असू शकतो. आपल्या अहवालात नायट्रोजन मोजला असल्यास तो अवश्य पाहावा. संक्रमणाच्या तुकड्यातच तोही हलला असेल, तर आहार किंवा आजार बदलल्याची शक्यता तपासल्याशिवाय स्थलांतराकडे जाता येणार नाही.

ऑक्सिजनविषयी एक ऐतिहासिक दाखला देतो. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे अवशेष २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडले. २०१४ मध्ये त्याच्या दातांचा, मांडीच्या हाडाचा आणि बरगडीचा अभ्यास झाला. मांडीचे हाड आयुष्याच्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांची सरासरी सांगते, बरगडी शेवटच्या दोन-पाच वर्षांची. बरगडीतील ऑक्सिजनचे मूल्य चढलेले होते. नेहमीच्या पद्धतीने वाचले असते तर राजा शेवटच्या वर्षांत दुसऱ्या प्रदेशात राहायला गेला, असे म्हणावे लागले असते. पण तो कोठे होता याच्या नोंदी उपलब्ध आहेत आणि तो तसा गेलेला नव्हता. संशोधकांनी मांडलेले स्पष्टीकरण असे की, राजा झाल्यावर त्याच्या पिण्यात वाइन बरीच वाढली, आणि ती परदेशातील द्राक्षांच्या पाण्यापासून बनलेली होती. त्याच्या बाबतीत इतिहास हाताशी होता म्हणून चूक टळली. अनोळखी मृतदेहाच्या बाबतीत तो नसतो.

---

खडकवाचक

रक्तचंदन यांच्या दाखल्याला माझ्या बाजूने एवढेच जोडतो की, नळाचे पाणी नेहमी त्या गावच्या पावसाचे नसते. मोठी शहरे शेकडो किलोमीटरवरून, कधी डोंगरातल्या बर्फाचे पाणी कालव्याने आणतात. जलाशयात आटलेले पाणी रेषेवरून खाली सरकते. खोल भूजल हजारो वर्षांपूर्वीच्या, म्हणजे वेगळ्या हवामानातल्या पावसाचे असू शकते. किनाऱ्यावरच्या शहराच्या नळाला 'थंड व उंच प्रदेशाचे' पाणी येणे यात काहीच अशक्य नाही. निष्कर्ष पावसाच्या नकाशावरून काढला की नळाच्या पाण्याच्या प्रत्यक्ष मोजमापांवरून, हे अहवालात शोधावे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना १९६० च्या दशकाच्या आरंभापासून पावसाचे नमुने गोळा करत आल्या आहेत, त्यामुळे पावसाचे नकाशे सहज मिळतात. सहज मिळतात म्हणूनच ते वापरण्याचा मोह होतो.

---

उलटतपासणी

सर्वांची मी आभारी आहे. आपली उत्तरे समोर ठेवून अहवाल पुन्हा वाचला. केराटिनची मानके वापरली आहेत आणि अनिश्चितता दोन-तीन एककांची धरली आहे, म्हणजे मोजमापाविषयी मला भांडण करता येणार नाही असे दिसते. नकाशा पावसाचाच आहे. नायट्रोजन मोजलेला नाही, ऑक्सिजन मोजला आहे, आणि तो हायड्रोजनबरोबरच चढला आहे. दात तपासणीला पाठवलेलेच नाहीत. ते आता मागता येतील का, हे पाहते. 'सुसंगत' हा शब्द संपूर्ण अहवालात एकदाही आलेला नाही.

एक गोष्ट मात्र मला नीट उमगली नाही. बटेच्या तुकड्यांना अहवालात १ ते १२ असे क्रमांक आहेत. तुकडा १ हा मुळाकडचा की टोकाकडचा, हे कोठेच लिहिलेले नाही. हे कदाचित इतके उघड असेल की लिहिण्याची गरज पडली नसावी, म्हणून प्रश्नात मी 'एका टोकाकडील' असेच लिहिले होते.

---

सूक्ष्मतुला

हे मुळीच उघड नाही, आणि आपण प्रथमच लिहिले होते ते मी वाचून पुढे गेले, याचे मला आता वाईट वाटते.

केस मृतदेहावरून कसा काढला होता? त्वचेजवळ कापून, मुळाकडे दोरा बांधून, दिशा लिहून पाकिटात ठेवला असेल तर प्रश्न मिटला. नुसतीच बट पाकिटात आली असेल, तर ती टेबलावर पसरताना कोणते टोक डावीकडे पडेल हा योगायोग असतो. मुळाचा कंद शिल्लक असेल तर तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. नसेल तरीही केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा नेहमी टोकाच्या दिशेला असतात, त्यामुळे दिशा ओळखता येते. पण ते पाहिले गेले होते का आणि त्याची नोंद आहे का, हे विचारावे लागेल. तुकडे आता मोजमापात नष्ट झाले आहेत, म्हणून बटेतील न वापरलेले केस शिल्लक आहेत का, हेही त्याच अर्जात विचारावे.

केसाचा मुळाकडचा भाग सर्वांत नवा असतो. उणे ७२ चे तीन तुकडे मुळाकडचे असतील, तर अहवालाने सांगितले तसे: व्यक्ती शेवटचे तीन-चार महिने किनाऱ्याकडे होती. ते टोकाकडचे असतील, तर ती आधी किनाऱ्याकडे होती, आणि मृत्यूपूर्वीचे आठ महिने थंड प्रदेशात होती.